आइस्क्रीम खात्यातली कारकून आणि लिओ: एका क्षेत्रबदलाचं प्रकरण

1952 साली लंडनमध्ये 23 वर्षांची एक मुलगी आइस्क्रीम विक्रीच्या खात्यात कारकून म्हणून काम करत होती. तिचं नाव मेरी ब्लड. लग्नानंतर ती मेरी कूम्ब्स झाली आणि संगणकाच्या इतिहासात तिला याच नावाने ओळखतात. फ्रेंच मुख्य विषय आणि जोडीला इतिहास, असं शिकून ती 1951 मध्ये क्वीन मेरी कॉलेजातून पदवीधर झाली. मग एक वर्ष स्वित्झर्लंडमध्ये, लोझान शहरात, इंग्रजी शिकवलं. परत आल्यावर हाताला काहीतरी काम हवं म्हणून ही नोकरी धरली. पुढे काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. त्यानंतर थोड्याच काळात ती लिओ या जगातल्या पहिल्या व्यावसायिक संगणकासाठी प्रोग्रॅम लिहायला बसली. व्यवसायाच्या कामासाठी प्रोग्रॅम लिहिणारी पहिली स्त्री म्हणून तिचं नाव आज घेतलं जातं.

दुसरं काहीतरी शिकून किंवा करून मग सॉफ्टवेअरमध्ये आलेल्यांच्या गोष्टी आपण खूप ऐकतो. बहुतेक गोष्टींचा नायक एकटा असतो. दिवसा नोकरी, रात्री अभ्यास, शेकडो अर्ज, शंभर नकार आणि शेवटी एक होकार. त्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण तेवढंच सांगितलं तर ऐकणाऱ्याला वाटतं की जमलं तर स्वतःच्या जोरावर आणि नाही जमलं तर आपल्यातच खोट. मेरीचं प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं कारण त्यात दुसरी बाजू लख्ख दिसते. एका जुन्या, संगणकाशी काडीचा संबंध नसलेल्या कंपनीने आपल्याच कारकुनांसाठी नव्या कामाकडे नेणारा पूल बांधला होता. तो कसा बांधला आणि पुढे कुठे तुटला, हे दोन्ही बघण्यासारखं आहे.

चहाच्या दुकानांना संगणक कशाला?

मेरी जिथे कारकून होती ती जे. लायन्स अँड कंपनी म्हणजे लंडनकरांचं चहाचं दुकान. पहिलं दुकान 1894 मध्ये पिकाडिलीत उघडलं. मग दुकानं वाढत दोनशेच्या वर गेली. शिवाय कॉर्नर हाउस नावाची भव्य उपाहारगृहं, बेकऱ्या, केक, स्विस रोल, पाकिटातला चहा, आइस्क्रीम. हा धंदा लाखो किरकोळ व्यवहारांचा. एका कपामागे, एका पावामागे सुटणारा नफा पेनीच्या भागांत मोजायचा. गळती कुठे होते आहे हे वर्षअखेरीच्या ताळेबंदात कळलं तर तोवर पैसे गेलेले असतात. ते त्याच आठवड्यात कळायला हवं. त्यामुळे लायन्सला कारकुनांची फौज पोसावी लागे.

ही फौज नीट काम करते का, यावर कंपनीचा फार बारीक विचार चालू असे. जॉन सिमन्स हे केंब्रिजमध्ये गणित शिकलेले गृहस्थ 1923 मध्ये लायन्समध्ये आले आणि 1931 पासून तिथे कामाच्या पद्धतींवर संशोधन करणारं स्वतंत्र कार्यालय चालू झालं. एखादा कागद कुणाच्या टेबलावरून कुणाच्या टेबलावर जातो, तोच आकडा किती वह्यांत पुन्हा पुन्हा उतरवला जातो, कोणती पायरी गाळली तरी काही बिघडत नाही, अशी त्यांची तपासणी असे. आज ज्याला सिस्टिम ॲनॅलिसिस म्हणतात ते हेच, फक्त संगणक यायच्या आधीचं. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो. यंत्र दारात येण्यापूर्वी 20 वर्षं ही माणसं त्या यंत्राला लागणारा विचार करत होती.

1947 मध्ये कंपनीने दोन अधिकाऱ्यांना अमेरिकेत पाठवलं. टी. आर. थॉम्पसन आणि ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड. युद्धानंतर तिकडच्या कचेऱ्यांत काय नवं आलं ते बघून यायचं होतं. प्रिन्स्टनला त्यांची गाठ एनिॲक या सुरुवातीच्या अमेरिकी संगणकाच्या कामात असलेल्या हर्मन गोल्डस्टाइन यांच्याशी पडली आणि त्यांनी सांगितलं की तुमच्याच देशात, केंब्रिजमध्ये, मॉरिस विल्क्स असं यंत्र बनवत आहेत. परत आल्यावर लायन्सने विल्क्स यांच्या प्रकल्पाला सुमारे 3 हजार पौंड दिले, मदतीला आपला एक तंत्रज्ञ दिला, आणि बदल्यात शिकून घ्यायची मुभा मागितली. विल्क्स यांचं ते यंत्र, एडसॅक, 6 मे 1949 रोजी पहिल्यांदा चाललं. त्याच नमुन्यावर लायन्सने स्वतःचं यंत्र उभं केलं. नाव ठेवलं लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस, म्हणजे लिओ. यंत्राची जबाबदारी रडारवर काम केलेल्या जॉन पिंकर्टन यांच्याकडे होती. 5 सप्टेंबर 1951 रोजी बेकरीच्या मालाचं मूल्य काढणारा प्रोग्रॅम त्यावर चालवून पाहिला गेला आणि नोव्हेंबरपासून ते काम दर आठवड्याला नेमाने यंत्रावर होऊ लागलं.

यंत्रात सुमारे 6 हजार व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्या, होते. आकडे लक्षात ठेवायला पाऱ्याने भरलेल्या 64 नळ्या. पाऱ्यातून ध्वनिलहरी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात, तिथून परत सुरुवातीला पाठवल्या जात, आणि त्या फिरत राहिल्या की आकडा टिकून राही. अशी सगळी मिळून स्मृती आजच्या मापाने 9 किलोबाइटही भरत नाही. आपल्या फोनमधला एखादा साधा फोटो त्यात मावणार नाही. त्यात प्रोग्रॅमही बसवायचा आणि आकडेही.

निवड

यंत्र झालं, पण त्याला काम सांगणारी माणसं कुठून आणायची? संगणकशास्त्राची पदवी नावाची गोष्टच नव्हती. गणितज्ञ आणावेत, तर त्यांना बेकरीचा हिशेब कोण समजावणार? लायन्सने उलटा रस्ता धरला. प्रोग्रॅमिंगच्या बाजूची सूत्रं डेव्हिड कॅमिनर यांच्याकडे दिली. हे 1936 मध्ये व्यवस्थापनाचे उमेदवार म्हणून कंपनीत लागलेले आणि पुढे त्या कामपद्धतीच्या कार्यालयाचे प्रमुख झालेले. पहिला प्रोग्रॅमर डेरेक हेमी हाही त्याच घरचा. आणि पुढची माणसं हवी झाली तेव्हा कंपनीने आधी आपल्याच खात्यांमध्ये शोध घेतला.

शोधाची पद्धत म्हणजे संगणकाची ओळख करून देणारा एक छोटा, दमवणारा अभ्यासक्रम. दिवसभर व्याख्यानं, संध्याकाळी सोडवायला गणितं. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून, आकडे कसे लिहितात, यंत्राला आज्ञा कशी देतात, एक काम लहान लहान पायऱ्यांत कसं मोडतात. शिकवणं आणि पारखणं एकाच वेळी चालू. उमेदवाराला आधीपासून काय येतं याला फारसं महत्त्व नव्हतं, कारण कुणालाच काही येत नव्हतं. सोमवारी पहिल्यांदा ऐकलेली गोष्ट बुधवारी त्याला वापरता येते का, हे दिसून येई.

मेरी तोवर आइस्क्रीम खात्यातून आकडेवारीच्या कार्यालयात गेली होती. आकड्यांची तिला भीती नव्हती. लिओसाठी माणसं हवी आहेत हे कानावर आलं, तिने नाव दिलं, अभ्यासक्रम केला आणि निवडली गेली. तिच्याबरोबर निवडला गेलेला दुसरा म्हणजे फ्रँक लँड. तो अर्थशास्त्र शिकलेला, लहानपणी जर्मनीतून निर्वासित म्हणून आलेला, लायन्समध्ये कारकुनी करणारा. पुढे हाच ब्रिटनमध्ये माहिती प्रणाली या विषयाचा पहिला प्राध्यापक झाला.

इथे एक मोह होतो आणि तो मी टाळणार आहे. मेरी फ्रेंच शिकली होती, म्हणून व्याकरणाची शिस्त होती, म्हणून कोड जमला, असं म्हणायला छान वाटतं. क्षेत्र बदलणाऱ्यांना आपण असले दिलासे खूप देतो: शिक्षक होतात ना, मग समजावून सांगता येईल, स्वयंपाक करता ना, मग पायऱ्या कळतील. मुलाखतीला हे धागे फार काळ पुरत नाहीत. मेरीच्या बाबतीत मला ठोस दिसतात त्या दोन गोष्टी. एक, कंपनीत विक्रीचा आकडा कुठून येतो आणि त्याचं पुढे काय होतं हे तिने दोन खात्यांत स्वतः हाताळलं होतं. दोन, त्या अभ्यासक्रमात तिने दिलेली गणितं सोडवून दाखवली होती. फ्रेंच ही तिची आवड होती, शिक्षण होतं. तिला नव्या कामाचं कारण ठरवायची गरज नाही.

पगाराचं काम

जॉन ग्रोव्हर या सहकाऱ्याच्या देखरेखीखाली मेरी शिकली आणि हेमी, ग्रोव्हर, लिओ फँटल यांच्याबरोबर लायन्सच्या पगाराच्या प्रोग्रॅमवर काम करू लागली. हे काम काय होतं ते जरा तपशिलात सांगतो, कारण क्षेत्रबदल म्हणजे नेमकं काय बदलतं हे तिथे कळतं.

पगार काढणं म्हणजे तास गुणिले दर, असं बाहेरच्याला वाटतं. पण ब्रिटिश नाणी तेव्हा दशमान नव्हती. 12 पेन्सचा एक शिलिंग, 20 शिलिंगांचा एक पौंड. आपल्या आजी-आजोबांना हे नवं वाटणार नाही; 1 एप्रिल 1957 पर्यंत आपलाही रुपया 16 आण्यांचा आणि आणा 12 पैंचा होता. ब्रिटनने ती पद्धत 15 फेब्रुवारी 1971 रोजी सोडली. समजा एका कामगाराचा दर ताशी 3 शिलिंग 4 पेन्स आहे आणि त्याचे 44 तास भरले आहेत. कारकून कागदावर शिलिंग वेगळे गुणतो, पेन्स वेगळे गुणतो, हातचे नेतो. यंत्रासाठी विचार बदलावा लागतो. दर आधी पेन्समध्ये आणा: 40. गुणा: 1,760 पेन्स. मग 12 ने भागा: 146 शिलिंग, उरले 8 पेन्स. मग 20 ने भागा: 7 पौंड, उरले 6 शिलिंग. कागदावर छापायचं 7 पौंड 6 शिलिंग 8 पेन्स. कारकुनाच्या बोटांना जे न सांगता कळतं ते सगळं आता शब्दाशब्दाने सांगायचं.

आणि ही नुसती सुरुवात. ओव्हरटाइमचा दर वेगळा. आजारपणाचे दिवस. राष्ट्रीय विम्याची कपात. 1944 पासून ब्रिटनमध्ये पगारातूनच आयकर कापायची पद्धत आली होती आणि तीत वर्षाच्या सुरुवातीपासूनची एकूण कमाई आणि एकूण भरलेला कर धरून या आठवड्याचा कर काढावा लागे. म्हणजे प्रत्येक माणसाची मागची बेरीज कुठेतरी जपून ठेवायची, दर आठवड्याला आत घ्यायची, नवी बेरीज पुन्हा बाहेर काढायची. या आठवड्यात एक आकडा चुकला तर तो पुढच्या आठवड्यात शिरतो, तिथून त्याच्या पुढच्या. आणि चूक झाली तर बेकरीतल्या एका माणसाच्या घरी शनिवारी बाजारहाटाला पैसे कमी पडतात. पगाराचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ही गोष्ट विसरता कामा नये. लायन्सचे लोक विसरले नाहीत. जुन्या पद्धतीने आणि यंत्रावर असे दोन्हीकडे पगार काढून ताडून पाहिले गेले, आणि मग 1954 च्या सुरुवातीला काम पूर्णपणे लिओवर गेलं. अनुभवी कारकुनाला एका कामगाराचा पगार काढायला सुमारे 8 मिनिटं लागत. लिओला लागत दीड सेकंद.

त्या दीड सेकंदामागे कागदावरचे महिने होते. यंत्राचा वेळ महाग, तेव्हा बसून हळूहळू दुरुस्त करत जाणं परवडणारं नव्हतं. आधी कामाचा प्रवाह रेखाटायचा, मग आज्ञा कागदावर लिहायच्या. त्या दुसऱ्या माणसाने ओळ न् ओळ वाचून, स्वतः यंत्र असल्यासारखं चालवून बघायच्या. त्यानंतर त्या कागदावर पाडलेल्या छिद्रांच्या रूपात यंत्राकडे जायच्या. स्मृती एवढीशी, त्यामुळे एक आज्ञा वाचवता आली तर तोही विजय. व्हॉल्व्ह कधीही जळे. म्हणून काम मधेच बंद पडलं तर कुठून पुन्हा उचलायचं, तोवरच्या बेरजा जुळतात का, याची सोय प्रोग्रॅममध्येच असली पाहिजे, असा कॅमिनर यांचा दंडक. यंत्राला एक लाउडस्पीकर जोडलेला होता. काम नीट चाललं आहे की एखाद्या फेऱ्यात अडकलं आहे, हे सरावलेल्या कानाला आवाजावरून कळे. काम कळू लागलं की कानसुद्धा तयार होतात, हे कुठल्याही कारखान्यातला जुना फिटर सांगेल.

कॅमिनर यांच्या कडकपणाबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. मला त्यातून जे दिसतं ते असं: नव्या माणसाचं काम वाचणारं कुणीतरी सतत होतं. स्वतः लिहिलेलं आपलं आपल्याला नेहमी बरोबर दिसतं. दुसऱ्याने वाचून दाखवलेली चूक हाच या कामातला खरा धडा. मेरीला तो रोज मिळाला आणि काही वर्षांत ती तो इतरांना देऊ लागली. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या तर्काच्या आणि लेखनाच्या चुका शोधणं, नव्या प्रोग्रॅमरांवर देखरेख ठेवणं, हे तिचं काम झालं. लिओचं पहिलं यंत्र गेलं, दुसरं आलं, तिसरं आलं. दुसऱ्याचे प्रोग्रॅम तिसऱ्यावर चालत नव्हते. ते नव्याने लिहिण्याची जबाबदारीही तिच्याकडे आली. मधल्या काळात लायन्सने यंत्रं विकायला आणि बाहेरच्यांची कामं करून द्यायला 1954 मध्ये लिओ कॉम्प्युटर्स नावाची कंपनी काढली. फोर्ड मोटार कंपनीच्या कामगारांचा पगार लिओवर निघू लागला. आयकर खातं, हवामान खातं, सैन्य यांचीही कामं आली. मेरीचा हात यांतल्या बऱ्याच कामांना लागला.

पुलाचे खांब

आता जरा थांबून पाहू. मेरीला काय मिळालं होतं?

शिकत असताना पगार चालू होता. अभ्यासक्रमात नापास झाली असती तर ती आकडेवारीच्या कार्यालयात आपल्या टेबलावर परत गेली असती. नोकरी गेली नसती. निवडीत पदवीच्या विषयाला अडवायला जागा नव्हती. पहिलंच काम असं होतं ज्याचा कच्चा माल तिच्या ओळखीचा होता. आणि वर सांगितलं तसं, तिची ओळ न् ओळ कुणीतरी वाचत होतं. धोका कंपनीने घेतला होता, शिकणं तिने केलं.

आज पुण्यात किंवा ठाण्यात बी.कॉम. झालेली, पाच-सहा वर्षं एखाद्या पतपेढीत हिशेब बघणारी मुलगी क्षेत्र बदलायचं म्हणते तेव्हा हे सगळं तिच्या एकटीच्या डोक्यावर असतं. क्लासची फी ती भरते, बहुतेकदा कर्ज काढून. नोकरी सोडावी की रात्री शिकावं हे तिने ठरवायचं. तिने लिहिलेलं कुणी वाचेलच असं नाही. आणि मुलाखतीत तिला जे विचारतात त्यात पतपेढीतल्या सहा वर्षांना शून्य किंमत. व्याज कसं लागतं, थकबाकी कशी धरतात, तपासनीस कुठे बोट ठेवतो, हे तिला ज्या खोलीने माहीत आहे ते नुकत्याच बाहेर पडलेल्या अभियंत्याला माहीत असणं शक्य नाही. हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी ते ज्ञान मग बाहेरून सल्लागार आणून विकत घेते. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण यात दोघांचंही नुकसान आहे.

म्हणून मला कुणी विचारलं तर मी मेरीच्या प्रकरणातून एक गोष्ट काढून हातात देतो. शक्य असेल तर आहे त्याच संस्थेत, आहे त्याच कामाच्या शेजारून आत शिरा. रुग्णालयात परिचारिका असाल तर तिथल्या नोंदींच्या प्रणालीचं काम मागा. नव्या प्रणालीची चाचणी घ्यायला माणूस हवा असेल तर हात वर करा. शाळेत असाल तर निकालपत्रकं, पतपेढीत असाल तर महिनाअखेरीचे अहवाल. तिथे तुम्ही नवखे फक्त निम्म्या बाजूने असता. दुसऱ्या कंपनीच्या दारात तुम्ही दोन्ही बाजूंनी नवखे. हा रस्ता सगळ्यांना खुला नसतो हे मला ठाऊक आहे. अनेक ठिकाणी साहेब परवानगी देत नाहीत, आणि मग बाहेरूनच यावं लागतं. पण आधी आत विचारून बघायचं राहून जातं, हे मी बरेचदा पाहिलं आहे.

या प्रकरणावर एक आक्षेप योग्य आहे आणि तो नोंदवायला हवा. 1952 मध्ये सगळेच नवखे होते. स्पर्धेला संगणक अभियंत्यांचे लोंढे नव्हते, म्हणून लायन्सला कारकुनांत शोधणं भाग पडलं. मेरीकडे पदवीही होती, जी तेव्हाच्या ब्रिटनमध्ये फार थोड्या मुलींकडे असे. हे दोन्ही खरं. पण लायन्सपुढे गणितज्ञांचा पर्याय होता आणि तंत्रज्ञांचाही होता. कंपनीने ठरवून धंदा जाणणारी माणसं घेतली आणि त्यांना यंत्र शिकवलं, कारण धंदा शिकायला जास्त वेळ लागतो असं तिचं अनुभवाचं मत होतं. आज परिस्थिती वेगळी आहे, तरी ते मत मला अजून खोटं ठरलेलं दिसत नाही.

पूल तुटला तिथे

1955 मध्ये मेरीने जॉन कूम्ब्स यांच्याशी लग्न केलं. तेही काही काळ लिओमध्ये होते. त्यांच्या मुलीला अपंगत्व होतं आणि तिला सतत कुणीतरी जवळ लागत असे. 1964 मध्ये मेरीने पूर्ण वेळाचं काम सोडलं. ती लिओसाठी अर्ध वेळ काम करत राहिली, पण आता ते प्रोग्रॅमिंग नव्हतं. संगणकाच्या माहितीपुस्तिकांचं संपादन तिच्याकडे आलं. 12 वर्षं प्रोग्रॅम लिहिलेली, दुसऱ्यांच्या चुका शोधणारी, नव्यांना घडवणारी बाई पुस्तिकांची भाषा तपासू लागली. ते कामही नीटच केलं असणार तिने. पण कंपनीने जो पूल एका 23 वर्षांच्या कारकुनासाठी बांधला होता, तो तिशी उलटलेल्या आईला परत येण्यासाठी बांधला नाही.

असं करणं अशक्य होतं का? अजिबात नाही. त्याच देशात 1962 मध्ये स्टेफनी शर्ली यांनी फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स नावाची कंपनी काढली होती. मुलंबाळं झाल्यावर नोकरी सोडावी लागलेल्या प्रोग्रॅमर बायकांना घरून, आपापल्या वेळात काम देणं हाच तिचा पाया. कागदावर आज्ञा लिहायच्या, कागदावर तपासायच्या, यंत्राजवळ बसायची गरज थोडीच, अशा त्या काळात प्रोग्रॅमिंग हे घरून करता येण्याजोग्या कामांत अगदी वरचं होतं. शर्ली यांच्या कंपनीने ते वर्षानुवर्षं करून दाखवलं.

मेरीची मुलगी लहानपणीच गेली. पुढे कूम्ब्स दांपत्याने तीन मुलं दत्तक घेतली. दरम्यान लिओचंही घर बदललं. 1963 मध्ये ती कंपनी इंग्लिश इलेक्ट्रिकमध्ये मिसळली, आणि 1968 मध्ये आणखी विलीनीकरण होऊन आयसीएल ही ब्रिटिश संगणक कंपनी झाली. 1969 मध्ये मेरीने तिथलं काम संपवलं.

आयुष्यातला तिचा दुसरा क्षेत्रबदल उलट दिशेने झाला. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. लोझानला 22 व्या वर्षी जे करून पाहिलं होतं, त्याकडे परत. पण संगणकाच्या काळातली एक गोष्ट मला तिच्या पगाराच्या प्रोग्रॅमइतकीच जवळची वाटते. बकिंगहॅमशरमध्ये सिअर ग्रीन गावी प्रिन्सेस मरीना सेंटर नावाची संस्था होती. तिथे राहणाऱ्या, शरीराने फार अपंग असलेल्या माणसांना मेरी प्रोग्रॅमिंग शिकवायला जात असे. तिला स्वतःला कुणी तरी एका आठवड्यात यंत्राशी बोलायला शिकवलं होतं. ती तेच, हळूहळू, त्यांना शिकवत होती.

28 फेब्रुवारी 2022 रोजी, 93 व्या वर्षी तिचं निधन झालं.